सनावळी पाठ झाली, इतिहासाचं काय?

२०२२ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी फ्रीजच्या दारावर, मायक्रोवेव्हवर, अगदी मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर सुद्धा पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, कारण आईची सिटिझनशिपची टेस्ट जवळ आली होती. आई कराडकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, रिटायर झाल्यावर माझ्याकडे आली. पाठांतराला ती कधीच घाबरली नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणायची, घटनादुरुस्त्या सत्तावीस, पोळी उलटायची, हाऊसचे मेंबर चारशे पस्तीस, पोळी फुगायची, सिनेटर शंभर, सहा वर्षांची टर्म, पोळी खाली. पंधरा दिवसांत शंभरच्या शंभर प्रश्न तोंडपाठ.

आणि मग एक दिवस ती एका चिठ्ठीपाशी अडली. प्रश्न असा होता की सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतलं उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध, ज्या कारणांमुळे झालं त्यातलं एक सांगा, आणि सरकारने छापलेली उत्तरं तीन, गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे अधिकार, तिन्हीपैकी कुठलंही एक म्हटलं की मार्क मिळाला. आई म्हणाली, "अगं, ही तिन्ही सारखीच कशी? एक मूळ दुखणं आहे आणि दोन त्याची पांघरुणं आहेत." मी म्हटलं, आई तू कुठलंही एक सांग ना, त्यांना चालतं. त्यावर ती लाटणं खाली ठेवून म्हणाली, "चालतं म्हणून सांगू का खरं आहे म्हणून सांगू? जोतीरावांना पुण्यात बसून कळलं होतं ते युद्ध कशासाठी झालं ते."

ती बरोबर होती. ते युद्ध १८६५ ला संपलं आणि त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं. आई हे वर्गात शिकवायची. तिच्यासाठी अमेरिकेचा इतिहास हा पन्नाशीनंतर विमानातून उतरल्यावर सुरू झालेला विषय नव्हता, तो शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाला जोडलेला, आपल्या घरातला विषय होता. आणि त्या चिठ्ठीवर तो विषय तीन पर्यायांचा होऊन बसला होता, गाळलेल्या जागा भरा मधल्यासारखा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे ही टेस्ट आता आणखी मोठी केली आहे. आईच्या वेळी शंभर प्रश्नांची यादी, ऑफिसर त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून जे अर्ज करतायत त्यांच्यासाठी यादी १२८ प्रश्नांची आहे, विचारणार वीसपर्यंत आणि बरोबर हवेत बारा. हाच प्रयोग डिसेंबर २०२० मध्ये एकदा करून झाला होता, पुढच्या सरकारने २०२१ मध्ये तो मागे घेतला, आता परत आणला. आणि आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर जे बोलणं चालतं ते दोनच प्रकारचं असतं, एक म्हणजे बापरे आता कसं होणार, आणि दुसरं म्हणजे बरंच झालं, ज्याला इथलं नागरिक व्हायचंय त्याला इथला इतिहास यायलाच पाहिजे, आम्ही नाही का पास झालो.

मला दुसऱ्या गटाशी बोलायचं आहे, कारण त्यांचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. इतिहास यायलाच पाहिजे. मला तर वाटतं आत्ता जेवढा विचारतात त्याच्यापेक्षा खूप जास्त यायला पाहिजे. पण म्हणूनच मी म्हणते की यादी लांब केल्याने तो येत नाही, आणि जो इतिहास रोजच्या जगण्यात उपयोगी पडतो, दारावर कुणी आलं, घर विकत घेतलं, मतदानाची रांग लागली, तेव्हा जो कामाला येतो, तो या यादीत जवळजवळ नाहीच.

आधी एक गैरसमज काढून टाकू, की पूर्वी लोकांना इतिहास माहीत असायचा आणि आता बिघडलंय. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत टेक्ससच्या साधारण दीड हजार विद्यार्थ्यांना अमेरिकन इतिहासातली नावं, सनं, घटना विचारल्या होत्या आणि हायस्कूलच्या मुलांना सरासरी शंभरात ३३ मार्क पडले. १९४३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ७,००० कॉलेज विद्यार्थ्यांची अशीच परीक्षा घेतली, तर ज्यांचा मिळून हा देश झाला त्या पहिल्या तेरा वसाहतींची सगळी नावं फक्त ६ टक्के मुलांना आली. केवढा गदारोळ झाला, त्या बातम्यांसाठी पेपरला पुलित्झर मिळालं. आणि २०१८ मध्ये वुड्रो विल्सन फाउंडेशनने सिटिझनशिपच्या टेस्टमधलेच प्रश्न पर्याय देऊन अमेरिकन लोकांना विचारले तेव्हा तीनातला एकच जण पास झाला. म्हणजे शंभर वर्षं झाली, दर पिढीत कुणीतरी परीक्षा घेतं, मुलं नापास होतात, मोठे कपाळावर हात मारतात. १९४३ ची ती मुलं, ज्यांना तेरा वसाहती आल्या नाहीत, त्यांच्यातली कितीतरी दुसऱ्या महायुद्धात लढायला गेली. देशासाठी उभं राहणं आणि वसाहतींची यादी म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एवढ्यावरून तरी कळायला हवं.

आणि दुसरीकडे, बाहेरून आलेले लोक जे ही टेस्ट देतात त्यांच्यातले दहातले नऊ पास होतात. मग इमिग्रंट लोकांना इथला इतिहास इथल्या माणसापेक्षा जास्त कळतो का? नाही हो. आम्ही पाठ केलेलं असतं. मी स्वतः पाठ केलं होतं, ऑफिसमध्ये लंच टाइमला, आणि नागरिकत्वाची शपथ घेऊन तीन महिने झाल्यावर मला फेडरलिस्ट पेपर्स, म्हणजे राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेले ते जुने लेख, कुणी लिहिले ते आठवत नव्हतं. ज्यांनी दहावीला इतिहासाचा पेपर दिलाय त्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत आहे, 'कारणे द्या' ला गाईडमधलं वाक्य लिहायचं, दोन मार्क घ्यायचे आणि पेपर संपल्यावर पुस्तक शेजारच्याला देऊन टाकायचं. आई म्हणायची की मुलाला पानिपतचं साल १७६१ आलं म्हणजे त्याला पानिपत आलं असं नाही, अन्नपाण्याशिवाय सैन्य कसं अडकलं हे सांगताना ज्याचा आवाज बदलतो त्याला आलं.

आता मी दर शनिवारी आमच्या गावच्या लायब्ररीत या टेस्टच्या क्लासला मदत करते. आठ-दहा लोक असतात, डॉमिनिकन, हैती, आपले गुजराती, एक नागपूरचे काका, इजिप्तचं एक जोडपं. त्यातली एक बाई वेअरहाऊसमध्ये नाईट शिफ्ट करून सकाळी थेट क्लासला येते, तिचे डोळे लाल असतात, हातात पेपर कपात कॉफी. तिला सत्तावीस हा आकडा काही केल्या राहत नाही, कधी पंचवीस, कधी सदतीस. पण त्यादिवशी आम्ही तो प्रश्न घेतला की वसाहतीतले लोक ब्रिटिशांविरुद्ध का लढले, आणि छापील उत्तरांपैकी एक आहे की ब्रिटिश सैनिक त्यांच्या घरात राहायचे. तिने हात वर केला आणि विचारलं, घरात म्हणजे न विचारता? म्हटलं हो. मग ती म्हणाली, आता जर कुणी ऑफिसर माझ्या दाराशी आला तर मला दार उघडावं लागतं का?

सगळा वर्ग गप्प झाला, कारण तो प्रश्न सगळ्यांचाच होता.

मग आम्ही त्या दिवशी यादी बाजूला ठेवली. मी त्यांना सांगितलं की ब्रिटिश अंमलात कस्टमवाल्यांना एक सरसकट परवाना मिळायचा, तो दाखवला की कुणाच्याही घरात, गोदामात शिरून चोरटा माल शोधता यायचा, कुठलं घर, कसला संशय काही लिहावं लागायचं नाही. १७६१ मध्ये, म्हणजे योगायोगाने पानिपतच्याच साली, बोस्टनमध्ये जेम्स ओटिस नावाचा वकील कोर्टात या परवान्यांविरुद्ध उभा राहिला, हरला, पण तो राग लोकांच्या मनात राहिला आणि पुढे १७९१ मध्ये चौथी घटनादुरुस्ती आली तेव्हा तिच्यात लिहिलं गेलं की वॉरंट हवं असेल तर सबळ कारण पाहिजे, आणि कुठली जागा, कोण माणूस, काय वस्तू ते नेमकं लिहिलेलं पाहिजे. म्हणून आज दाराशी आलेल्या माणसाला दार न उघडता विचारता येतं की जजची सही असलेलं वॉरंट आहे का, असेल तर दाराखालून सरकवा किंवा खिडकीला लावून दाखवा. त्या बाईने हे सगळं वहीत स्पॅनिशमध्ये लिहून घेतलं, घरी जाऊन नवऱ्याला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना सांगितलं. सत्तावीस तिला अजूनही राहत नाही. पण माझ्या मते अमेरिकेच्या इतिहासातली एक फार मोठी गोष्ट तिला पक्की कळली आहे, आणि तिचा एकही मार्क तिला मिळणार नाही.

मी जेव्हा म्हणते की रोजच्या उपयोगाचा इतिहास विचारा तेव्हा मला हे म्हणायचं असतं. नियम कुठून आला, कुणाला काय सोसावं लागलं म्हणून आला, आणि आज माझ्या दाराशी तो कसा उभा आहे.

आमच्या न्यू जर्सीचंच बघा. यादी सांगते की सगळ्या बायकांना मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला. कागदावर बरोबर आहे. पण याच राज्यात १७७६ पासून ज्यांच्याकडे पन्नास पौंडांची मालमत्ता होती अशा बायका, म्हणजे बहुतेक विधवा आणि लग्न न झालेल्या, मत देत होत्या, गोऱ्या आणि स्वतंत्र काळ्या सुद्धा, आणि १८०७ मध्ये कायदा करून त्यांचा हक्क काढून घेतला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ सुन्न होते. कारण आपल्या डोक्यात असं असतं की हक्क एकदा मिळाला की मिळाला, इतिहास म्हणजे वर चढणारा जिना. तो तसा नाही. एकशे तेरा वर्षं गेली तो परत मिळवायला, त्या मधल्या काळात इथे कितीतरी पिढ्यांच्या बायका जन्मल्या आणि मत न देता गेल्या. १९२० हे साल पाठ करणाऱ्याला हक्क मिळतो एवढंच कळतं, १८०७ माहीत असलेल्याला तो जातो सुद्धा हे कळतं, आणि नागरिकाला या दोन्हीपैकी जास्त गरज दुसऱ्याची आहे.

तसंच गुलामगिरीचं. यादी वाचून वाटतं की ती दक्षिणेतली गोष्ट होती आणि लिंकनने सही केली आणि संपली. न्यू जर्सीने १८०४ मध्ये हळूहळू मुक्तीचा कायदा केला, म्हणजे त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेली मुलं सुद्धा, मुलगी असेल तर एकवीस आणि मुलगा असेल तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत आईच्या मालकाकडे राबणार, मग मोकळी. १८४६ मध्ये जे उरले होते त्यांना गुलाम म्हणणं बंद केलं आणि 'जन्मभराचे अॅप्रेंटिस' असं नाव दिलं. १८६० च्या जनगणनेत असे १८ जण अजून होते, आणि गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती आली तेव्हा आमच्या राज्याच्या विधिमंडळाने आधी ती फेटाळली, मंजूर केली ती १८६६ च्या जानेवारीत, ती देशभर लागू होऊन गेल्यावर. आमच्या सबडिव्हिजनच्या आजूबाजूला पूर्वी शेतं होती, आम्ही सगळे म्हणतो गार्डन स्टेट, किती छान, पण ती शेतं कोण कसत होतं हे मला इथे राहायला लागल्यावर दहा वर्षांनी कळलं.

आमच्या एका मैत्रिणीने जुनं घर घेतलं. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या वेळी जे कागद आले त्यात १९३० च्या आसपासचा एक कागद होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही जागा गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय कुणालाही विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, घरगडी म्हणून राहिला तर चालेल. ती घाबरून मला फोन करून विचारत होती की अगं आपण हे घर घेऊ शकतो ना? घेऊ शकतो, कारण १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितलं की असली अट कोर्टातून अमलात आणता येणार नाही, आणि १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्याने असा भेदभावच बेकायदा केला. तो कायदा मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर आठवड्याभरात सही होऊन आला. आईच्या चिठ्ठीवर होतं, मार्टिन ल्यूथर किंगने काय केलं, उत्तर, नागरी हक्कांसाठी लढा दिला. मैत्रिणीच्या नव्या घराची चावी तिच्या हातात पडली त्यामागे तो लढा होता, एवढं जवळचं नातं आहे आपलं त्या माणसाशी, पण हे कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

आणि आपलं स्वतःचं काय, आपण भारतीय इथे कसे आलो? १७९० च्या कायद्याने ठरवलं होतं की नागरिक होता येईल ते फक्त मुक्त गोऱ्या माणसाला, १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे लोक घातले, बस्स. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने आल्या आणि इथून पंधरा-वीस मिनिटांवरच्या रोझेल गावात कार्पेंटर बाईंकडे राहिल्या, पुढे फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्यांना इथे राहायचं नव्हतंच, पण राहायचं असतं तरी त्या कायद्यात त्यांना जागा नव्हती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, त्यांना सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्या अर्थाने तुम्ही गोरे नाही, सबब नागरिक नाही. आणि त्यांचे वकील कोण, तर सखाराम गणेश पंडित. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबले, परत वाचलं. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालेलं होतं, थिंडच्या निकालानंतर सरकार ते काढून घ्यायला निघालं, बऱ्याच भारतीयांचं तसं काढून घेतलं सुद्धा. पंडित लढले, आणि स्वतःची केस जिंकले. भारतीयांना नागरिक व्हायची वाट उघडली ती १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने, तीही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्याने. शंभर! आमच्या मंडळाच्या गणपतीला एका वेळी महाप्रसादाच्या रांगेत याच्यापेक्षा जास्त लोक असतात. आईच्या शंभर प्रश्नांत थिंड नव्हते, पंडित नव्हते, १९४६ नव्हतं. ज्या माणसाला तुम्ही नागरिक करताय त्याला कधी आणि का बाहेर ठेवलं होतं हे त्याला विचारू नये, सांगूही नये, याला मी इतिहासाची परीक्षा कशी म्हणू?

परीक्षा कडक करा म्हणणाऱ्यांना मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत बनलं ते या गोष्टीने. ३१ ऑगस्ट १९६२, मिसिसिपीतल्या रूलव्हिल गावातून अठरा काळी माणसं एका जुन्या बसने इंडियानोलाला गेली, मतदार म्हणून नाव नोंदवायला. त्यात फॅनी लू हेमर होत्या, चव्वेचाळीस वर्षांच्या, दुसऱ्याच्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या, शाळा सहावीपर्यंत. तिथे नोंदणीला टेस्ट होती. क्लार्कने त्यांना मिसिसिपीच्या राज्यघटनेतलं एक कलम उतरवून काढायला दिलं आणि त्याचा अर्थ लिहायला सांगितला, ते कलम होतं, त्यांच्याच शब्दांत, डी फॅक्टो, म्हणजे कागदावर नसून प्रत्यक्षात चालणाऱ्या, कायद्यांबद्दलचं. हेमरबाई नंतर सांगायच्या की घोड्याला नाताळबद्दल जेवढं माहीत असतं तेवढंच मला डी फॅक्टो कायद्याबद्दल माहीत होतं. नापास. परतताना पोलिसांनी बस अडवली, ड्रायव्हरला दंड केला, कारण काय तर बसचा रंग फार पिवळा आहे, स्कूल बससारखा दिसतो. आणि घरी पोचल्या तर मळ्याच्या मालकाने सांगितलं, नाव मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं जिथे काम केलं ते घर त्यांनी त्याच रात्री सोडलं. मग पुन्हा गेल्या, पुन्हा टेस्ट दिली, आणि १९६३ च्या जानेवारीत पास झाल्या.

ती पण घटनेच्या ज्ञानाचीच परीक्षा होती. कागदावर बघाल तर किती चांगली गोष्ट, मतदाराला राज्यघटना समजली पाहिजे. पण कुणाला कुठलं कलम द्यायचं आणि कुणाचं उत्तर बरोबर धरायचं हे क्लार्कच्या हातात, गोऱ्या माणसाला दोन ओळींचं सोपं कलम, काळ्याला हे असलं. १९६५ च्या व्होटिंग राइट्स कायद्याने या टेस्ट थांबवल्या. आजची सिटिझनशिपची टेस्ट तशी नाही, हे मी अगदी स्पष्ट सांगते, प्रश्न आणि उत्तरं आधीच जाहीर असतात, आईचा ऑफिसर अतिशय सभ्य माणूस होता, त्याने तिला बसायला सांगून पाणी हवंय का विचारलं. पण ज्या देशात परीक्षा या शब्दाचा असा वापर झालेला आहे तिथे यादी लांब करताना, पास व्हायची संख्या वाढवताना, दहादा विचार करायला हवा की याने नक्की कोण अडणार आहे. आपले आयटीवाले अडणार नाहीत. मास्टर्स केलेली, कोडिंग करणारी पोरं १२८ काय पाचशे प्रश्न पाठ करतील. अडेल ती नाईट शिफ्टवाली. अडतील ते आजोबा ज्यांचं वय पासष्ट झालंय पण ग्रीन कार्डला वीस वर्षं झालेली नाहीत, म्हणून फक्त वीस प्रश्नांच्या छोट्या यादीची सवलत त्यांना नाही. इथे येऊन ज्यांनी इंग्रजी टीव्हीवर आणि दुकानात शिकलं ते अडतील.

माझ्या एका भाच्याचा यावर मुद्दा असा की, आत्या, काहीतरी कॉमन असायला नको का सगळ्यांना माहीत, नाहीतर एकमेकांशी बोलणार कशाच्या जोरावर? हा मुद्दा मी हलका समजत नाही. काही गोष्टी कॉमन हव्यातच, कायद्याच्या वर कुणी नाही, सरकारच्या तीन शाखा एकमेकांना धरून ठेवतात, बोलायचं स्वातंत्र्य आहे, इथे आधी कोण राहत होतं आणि कुणाला बांधून आणलं. त्यासाठी जुने दहातले सहा पुरेसे होते. पण कॉमन म्हणजे सगळ्यांना कॉमन. इथे जन्मलेल्या माणसाला मत देण्याआधी एकही प्रश्न विचारत नाहीत, आणि विचारू पण नयेत, मिसिसिपीत काय झालं ते वर सांगितलंच. त्याच्यासाठी जागा आहे ती शाळेत. अॅरिझोनाने २०१५ मध्ये पहिल्यांदा कायदा केला की हायस्कूल पास व्हायला याच शंभर प्रश्नांतले साठ आले पाहिजेत, मग आणखी राज्यांनी केला, आणि तिथेही तेच झालं जे आपल्याकडे गाईडने झालं, मुलं फोनवर क्विझ खेळून पास होतात. त्यापेक्षा आठवीतल्या मुलाला त्याच्या गावच्या शंभर वर्षांपूर्वीच्या जमिनीच्या नोंदी काढून आणायला सांगा ना. काउंटी क्लार्कच्या ऑफिसात त्या मिळतात. आपल्या रस्त्यावर कोण राहू शकत होतं, कोण नाही, हायवे कुणाच्या घरावरून गेला, जुन्या शाळा दोन का होत्या, हे त्याने स्वतः शोधून वर्गात सांगू दे. आणि नव्याने येणाऱ्याला सुद्धा, जर विचारायचंच असेल तर, सहा प्रश्न यादीतले विचारा आणि एक असा विचारा ज्याचं उत्तर छापलेलं नाही, या देशाच्या इतिहासातली कुठली गोष्ट तुमच्या रोजच्या आयुष्याला लागते? मार्क देऊ नका. फक्त ऐका. ऑफिसरला पण काहीतरी नवीन कळेल.

आईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तिला पहिल्या सहाला सहा आले, ऑफिसरने सातवा विचारलाच नाही, तेव्हा सहा झाले की थांबायचे. एक वाक्य वाचलं, एक वाक्य लिहिलं, अक्षर तिचं मुळातच सुंदर, शिक्षिकेचं, तो कागद बघून हसला. जेमतेम दहा मिनिटं. बाहेर पार्किंगमध्ये आली तर मला वाटलं खूश असेल, पण ती जरा हिरमुसलेली. म्हणाली, "सिव्हिल वॉरचा विचारलाच नाही गं. मी गुलामगिरी म्हणून थांबणार नव्हते, पुढचं पण सांगणार होते."

काय सांगणार होतीस, मी गाडी सुरू न करता विचारलं. तर तिने सीट बेल्ट लावता लावता सांगितलं की मिसिसिपीने १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघताना जे जाहीर केलं त्यात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की आमची बाजू गुलामगिरीशी पूर्ण जोडलेली आहे. तिने ते लायब्ररीत बसून वाचलं होतं, त्या तीन उत्तरांचा सोक्षमोक्ष लावायला, अडुसष्टाव्या वर्षी, डिक्शनरी घेऊन, शब्द अडला की मराठीत वर लिहून ठेवत. ती फोटोकॉपी तिच्या पर्समध्ये होती, इंटरव्ह्यूला घेऊन आली होती.

ती कॉपी आता माझ्या शनिवारच्या फोल्डरमध्ये आहे. नागपूरच्या काकांनी मागच्या आठवड्यात ती बघितली आणि विचारलं, "हे नव्या १२८ मध्ये येतं का, ताई?" मी म्हटलं, नाही येत काका. ते म्हणाले, "द्या इकडे, घरी नेऊन वाचतो," आणि पेन्सिलीने लिहिलेले आईचे मराठी शब्द चष्मा वर करून बघत बसले.